सुतारकामाच्या मशीनचं मॅन्युअल: काय तपासायचं आणि काय स्वतः लिहून काढायचं

टेबल सॉ (टेबलातून वर येणाऱ्या गोल ब्लेडचं करवत मशीन) किंवा रंधा मशीन घेताना मोटर किती एचपीची, टेबल ओतीव लोखंडाचं की ॲल्युमिनियमचं, हे सगळेच विचारतात. मॅन्युअल उघडून बघायला मात्र कोणी मागत नाही. मग मशीन जागेवर येतं, ब्लेड जळके डाग सोडायला लागतं, आणि पुस्तकात एवढंच सापडतं: ‘ब्लेड व फेन्स समांतर असल्याची खात्री करा.’ (फेन्स म्हणजे लाकूड जिला टेकवून सरकवतात ती पट्टी.) ती खात्री कशाने करायची, कुठे मोजायचं, किती फरक चालतो आणि जास्त निघाला तर कोणता बोल्ट ढिला करायचा, यातलं काहीच तिथे नसतं. मॅन्युअलचा कस लागतो तो अशा चार प्रश्नांवर. त्याच्या पानांची संख्या किंवा गुळगुळीत कागद यांचा काही उपयोग नाही.

बाजारात साधारण तीन तऱ्हा दिसतात. मोठ्या ब्रँडचं जाडजूड पुस्तक असतं, पण त्यात भरपूर भाषा कोंबलेल्या असल्यामुळे प्रत्येक भाषेच्या वाट्याला मोजकीच पानं येतात, आणि त्यातली निम्मी इशाऱ्यांची. आयात केलेल्या स्वस्त मशीनबरोबर चार-पाच मॉडेलना मिळून एकच पुस्तिका येते. चित्र एका मॉडेलचं, मजकूर दुसऱ्याचा. आणि देशी ओतकामातल्या रंधा मशीनबरोबर बहुतेक वेळा वॉरंटी कार्डाखेरीज काहीच येत नाही. ‘फिटर येऊन सांगेल’ हेच मॅन्युअल. गंमत अशी की या तिसऱ्या प्रकारातलं मशीन दुरुस्त करायला सगळ्यात सोपं असतं, कारण त्यातले बेअरिंग, पट्टे आणि बोल्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. त्याची माहिती लिहून ठेवलेली नसते, एवढंच.

घेण्याआधी: पीडीएफची दहा मिनिटांची तपासणी

बहुतेक कंपन्यांची मॅन्युअल त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात असतात. पैसे देण्याआधी ते उतरवून घ्या आणि इशाऱ्यांची पानं सध्या ओलांडून थेट तांत्रिक माहितीच्या पानावर जा. टेबल सॉ असेल तर तिथे हे आकडे हवेत: ब्लेडचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास, ५० हर्ट्झवर ब्लेडचे फेरे, रायव्हिंग नाइफची (ब्लेडच्या मागे उभं राहून काप मिटू न देणाऱ्या पात्याची) जाडी, आणि ब्लेडचा पत्रा व दात यांच्या जाडीची चालणारी मर्यादा. भोकाचा आकडा क्षुल्लक वाटतो, पण २५.४ मिमी, ३० मिमी आणि १५.८८ मिमी असे तीन माप आपल्याकडे मिळणाऱ्या मशीनवर सापडतात. ३० मिमी भोकाचं ब्लेड २५.४ च्या शाफ्टवर सैल बसवून ‘नट आवळला की झालं’ असं म्हणणारे दुकानदार आहेत. तसं बसवलेलं ब्लेड मध्यात राहत नाही. मोजकेच दात कापतात, बाकीचे फिरतात. त्यासाठी अचूक मापाची रिड्यूसिंग रिंग घ्यावी लागते, तीही ब्लेडच्या पत्र्यापेक्षा किंचित पातळ, नाहीतर फ्लँज (ब्लेडला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या चकत्यांपैकी एक) ब्लेडला धरण्याऐवजी रिंगलाच दाबते.

त्यानंतर ‘ॲडजस्टमेंट’चं प्रकरण बघा. त्यात मिलिमीटरमधला एकही आकडा नसेल, तर ते प्रकरण भरतीचं आहे असं समजा. मग सुट्या भागांचं चित्र: प्रत्येक भागाला क्रमांक आणि सोबत यादी असावी, आणि यादीत बेअरिंगचा नंबर छापलेला असावा. शेवटी वायरिंगचा आराखडा. हे चारही असतील तर बाकी भाषांतर कितीही ओबडधोबड असलं तरी मॅन्युअल कामाचं आहे.

चांगलं मॅन्युअल नसलेलं मशीन घ्यावंच लागलं, तर एक आडवाट आहे. तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांतून निघणारं एकच मशीन वेगवेगळ्या रंगांत, वेगवेगळ्या नावांनी जगभर विकलं जातं. टेबलाची लांबी-रुंदी, हँडलची जागा आणि सुट्या भागांचं चित्र जुळवून बघितलं की त्याचा जुळा भाऊ सापडतो, आणि त्या दुसऱ्या कंपनीचं मॅन्युअल पुष्कळदा कितीतरी चांगलं निघतं. युरोपात विकल्या जाणाऱ्या मॉडेलचं असेल तर आणखी बरं. तिथल्या यंत्रसुरक्षेच्या २००६/४२/ईसी या निर्देशानुसार मशीनबरोबर त्या देशाच्या भाषेत सूचना देणं बंधनकारक आहे आणि त्यावर ‘मूळ सूचना’ की ‘मूळ सूचनांचा अनुवाद’ हे छापावं लागतं. अनुवादात एखादा आकडा शंकास्पद वाटला तर मूळ भाषेतलं पान काढा. शब्द कळले नाहीत तरी आकडे आणि चित्रांचे क्रमांक वाचता येतात. हा निर्देश जाऊन २०२३/१२३० हा नवा नियम २० जानेवारी २०२७ पासून लागू होतो. त्यात मॅन्युअल डिजिटल स्वरूपात द्यायला मुभा आहे. म्हणजे पुढे कागदी पुस्तक कमीच दिसेल. पीडीएफ मिळाली की लगेच आपल्याकडे साठवून ठेवा, कारण मॉडेल बंद झालं की दुवाही बंद होतो.

अमेरिकन मॅन्युअल वाचताना

जुळा भाऊ अमेरिकेतला असेल तर तिथली वीज ६० हर्ट्झची आहे हे लक्षात ठेवा. इंडक्शन मोटरचा वेग विजेच्या वारंवारितेवर ठरतो. दोन पोलची मोटर ६० हर्ट्झवर साधारण ३,४५० फेरे देते, तीच ५० हर्ट्झवर २,८०० ते २,९००. म्हणून त्या मॅन्युअलमधला ब्लेडचा वेग इथे सरळ एक षष्ठांशाने घटतो, पुलीचे व्यास बदलले नसतील तर. आपल्या मशीनचा खरा वेग काढायला मोटरच्या पाटीवरचे फेरे, गुणिले मोटरच्या पुलीचा व्यास, भागिले शाफ्टच्या पुलीचा व्यास. उदाहरणार्थ २,८८० फेऱ्यांची मोटर, १०० मिमीची पुली आणि ६५ मिमीची शाफ्ट-पुली असेल तर सुमारे ४,४३०. ब्लेडवर कोरलेला कमाल वेग याहून जास्तच हवा. २५४ मिमीच्या ब्लेडला हा वेग दिला की दाताची गती सेकंदाला ५९ मीटरच्या आसपास जाते. किकबॅकमध्ये, म्हणजे ब्लेड लाकूड उलटं तुमच्याकडे फेकतं तेव्हा, ते एवढ्या जोरात का येतं ते यावरून कळेल.

इंचांचंही तसंच. १/६४ इंच म्हणजे ०.४ मिमी, १/३२ म्हणजे ०.८. घाईत केलेल्या मेट्रिक आवृत्तीत दोन्ही ‘१ मिमी’ होऊन बसतात. फेन्सच्या बाबतीत हा फरक जळकं लाकूड आणि स्वच्छ काप यांच्यातला फरक आहे.

खोकं उघडताना

सुट्या भागांच्या यादीवर पेन्सिलने टिका मारत भाग काढा आणि नट-बोल्टच्या पिशव्या उघडण्याआधी त्यांचे फोटो घ्या. पिशवीवरचं अक्षर आणि चित्रातलं अक्षर जुळत नाही, हे सर्रास होतं. अशा वेळी बोल्टची लांबी मोजून ठरवा: जोडायच्या दोन्ही भागांची जाडी, अधिक वॉशर, अधिक नटाची उंची, वर दोन आटे. नट नसून भागातच आटे असतील तर ओतीव लोखंडात बोल्टच्या व्यासाच्या दीडपट आत गेला म्हणजे पुरे. जास्त लांब बोल्ट तळाला टेकतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि भाग मात्र सैलच राहतो.

टेबलावर गंज न लागण्यासाठी चोपडलेलं तेल किंवा मेण असतं. ते चिंधी रॉकेलमध्ये किंवा टर्पेंटाइनमध्ये बुडवून काढा. पेट्रोल वापरू नका. कोरडं पुसून लगेच साधं फर्निचरचं मेण लावा, सिलिकॉन नसलेलं. सिलिकॉन लाकडाला लागलं की पॉलिश धरत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे मेण दर पंधरवड्याला लावावं लागतं. समशीतोष्ण देशात लिहिलेल्या पुस्तकात ‘अधूनमधून’ असं असतं, त्यावर विसंबलात तर ऑगस्टमध्ये टेबल तांबूस होतं.

वीज: इथे मॅन्युअल सगळ्यात गप्प

२ एचपीची सिंगल फेज मोटर पूर्ण भाराला साधारण १०-११ अँपिअर घेते. त्यामुळे १६ अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग हवं, एवढं बहुतेक जण पाळतात. गडबड होते ती एक्स्टेन्शनमध्ये. सुरू होताना मोटर काही क्षण पाच-सहा पट करंट ओढते. २० मीटर लांब, १.५ चौमिमी तांब्याच्या वायरीचा जाता-येता मिळून रोध सुमारे ०.४८ ओहम, ६० अँपिअरला त्यात २९ व्होल्ट जातात. १ चौमिमीच्या वायरीत ४० च्या वर. आधीच २०५-२१० व्होल्ट येत असतील तर मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि स्टार्ट कपॅसिटर जळतो. दोष मशीनवर जातो. २.५ चौमिमी वायर वापरा, लांबी शक्य तितकी कमी ठेवा, आणि गुंडाळी पूर्ण उलगडून ठेवा, कारण गुंडाळलेली वायर तापते. एमसीबी सी प्रकारचा लावा. बी प्रकारचा सुरुवातीच्या झटक्यालाच पडतो.

पाटीवर ‘एस१’ किंवा ‘एस६ ४०%’ असं काही छापलेलं असतं आणि पुस्तक त्याचा अर्थ सांगत नाही. एस१ म्हणजे त्या भारावर मोटर अखंड चालेल. एस६ ४०% म्हणजे दहा मिनिटांच्या चक्रात चार मिनिटं भार आणि सहा मिनिटं रिकामं फिरणं. २,००० वॅटचं एस६ मशीन घेऊन दिवसभर सागाच्या ५० मिमी फळ्या सलग चिरायच्या ठरवल्या, तर मोटर तापणारच.

आणि एक गोष्ट तपासल्याशिवाय मशीन वापरायला घेऊ नका: नो-व्होल्ट सुटका. मशीन चालू करा, मेन स्विच बंद करा, ब्लेड थांबू द्या, मेन परत चालू करा. मशीन आपोआप सुरू झालं तर त्यावरचा स्विच चुकीचा आहे. वीज गेली, माणूस ब्लेडजवळचा भुसा साफ करायला वाकला आणि वीज आली, असा प्रसंग आपल्याकडे दुर्मीळ नाही. डीओएल स्टार्टर (वीज गेली की सुटणारा, मोटरचा बटणांचा स्टार्टर) किंवा नो-व्होल्ट स्विच बसवा आणि ओव्हरलोडचा काटा मोटरच्या पाटीवरच्या करंटवर लावा, अंदाजाने वर नाही.

तीन फेजचं मशीन असेल तर पहिल्यांदा क्षणभरच चालू करून बंद करा आणि फिरण्याची दिशा बघा. टेबल सॉवर वरचे दात तुमच्याकडे यायला हवेत. उलटं फिरत असेल तर वीज तोडून कोणत्याही दोन फेज अदलाबदल करायच्या.

टेबल सॉ: जुळवणीचा क्रम

बऱ्याच पुस्तकांत आधी फेन्स, मग ब्लेड असा क्रम असतो. तो उलटा आहे. टेबलातली मायटर गेजची (आडवा किंवा तिरका काप घेताना सरकवायच्या कोनमापकाची) खाच हा एकच पक्का संदर्भ. ती हलत नाही. आधी ब्लेड खाचेला समांतर करायचं, मग फेन्स खाचेला. प्लग काढूनच.

ब्लेड पूर्ण वर घ्या आणि एका दातावर मार्करने खूण करा. मायटर गेजला पट्टी बांधून तिच्या टोकाला एक स्क्रू फिरवा, स्क्रूचं डोकं पुढच्या बाजूला आणलेल्या त्या दाताला जेमतेम टेकेल इतका. मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्या आणि गेज मागे सरकवा. दोन्हीकडे फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांच्या संचाने) फट मोजा. फीलर गेज गॅरेजच्या सामानाच्या दुकानात मिळतो; डायल गेज असेल तर उत्तम, पण नसला म्हणून अडत नाही. तोच दात वापरण्याचं कारण असं की ब्लेडचा पत्रा जरासा वाकडा असला तरी तो दोष दोन्हीकडे सारखाच येतो आणि मोजमापातून वजा होतो. मॅन्युअलमध्ये ही एक ओळ क्वचित दिसते. पुढे-मागे फरक ०.१ मिमीच्या आत हवा.

जास्त असेल तर काय ढिलं करायचं ते मशीनच्या बांधणीवर ठरतं. कॅबिनेट सॉमध्ये ब्लेडची यंत्रणा कॅबिनेटला असते, म्हणून टेबलाचे चार बोल्ट. त्यातले तीन सोडा, चौथा किंचित ढिला ठेवा आणि लाकडी हातोडीने टेबलाला टिचक्या द्या. हलक्या मशीनमध्ये यंत्रणा टेबलालाच लटकलेली असते. तिथे खालचे ट्रनियनचे (ब्लेडची यंत्रणा ज्यावर झुकते त्या आधाराचे) बोल्ट. आवळल्यावर परत मोजा, कारण आवळतानाच ते सरकतं. हे झाल्यावर ब्लेड ४५ अंशांना झुकवून तीच मोजणी पुन्हा करा. ९० ला बरोबर आणि ४५ ला वाकडं निघालं तर ट्रनियनच्या एका टोकाखाली पातळ पत्र्याची शिम लागते.

फेन्स खाचेला समांतर करा, किंवा मागच्या टोकाला ०.०५ ते ०.१ मिमी उघडी ठेवा. मागे आत झुकलेली असली तर लाकूड ब्लेडच्या मागच्या, वर येणाऱ्या दातांवर दाबलं जातं. ते दात त्याला उचलतात आणि तुमच्याकडे फेकतात. मोजताना फेन्स प्रत्येक वेळी कुलूप लावूनच मोजा, पुष्कळ फेन्स लॉक करतानाच मागचं टोक हलवतात.

९० अंशांच्या थांब्यासाठी गुण्या ब्लेडच्या पत्र्याला टेकवा, दाताला नाही. अंतिम परीक्षा कापाची: ७० मिमी रुंद, सरळ कडांची फळी कडेवर उभी धरून आडवी कापा, एक तुकडा उलटा करून दोन्ही कापलेली तोंडं एकमेकांना भिडवा. जी फट दिसेल ती चुकीच्या दुप्पट असते, म्हणून अर्धा अंशही डोळ्याला सापडतो.

मग रायव्हिंग नाइफ. नियम सोपा आहे: ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड, दातांनी पाडलेल्या कापापेक्षा पातळ. ३.२ मिमी काप आणि २.२ मिमी पत्र्याच्या ब्लेडला २.५ किंवा २.८ मिमीचा नाइफ चालतो. तोच २.५ चा नाइफ ठेवून २.४ मिमी कापाचं पातळ ब्लेड लावलं की लाकूड अर्ध्यात अडकतं, आणि माणूस नाइफच काढून टाकतो. अपघात बहुधा त्यानंतर होतात. दातांपासून त्याचं अंतर ३ ते ८ मिमी आणि टोक वरच्या दातापेक्षा दोन-तीन मिमी खाली, म्हणजे खाच पाडतानाही तो काढावा लागत नाही.

ब्लेडचा नट कोणत्या बाजूला सुटतो, यावरही पुस्तकात बाण काढलेला असतो, बहुधा दुसऱ्या मॉडेलचा. सर्वसाधारणपणे ब्लेड ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला नट सुटतो. सुटत नसेल तर जोर वाढवण्याआधी दिशा पुन्हा तपासा.

रंधा मशीन: पाती बसवणं

इथलं मॅन्युअल हमखास म्हणतं, ‘पाती मागच्या टेबलाच्या पातळीत लावा.’ बरोबरच आहे, पण पातळी ओळखायची कशी?

प्लग काढा. एक सरळ, रंधलेली लाकडी पट्टी मागच्या टेबलावर अशी ठेवा की तिचं टोक कटर ब्लॉकच्या (पाती बसवलेल्या फिरत्या ठोकळ्याच्या) पुढे येईल. पुढच्या टेबलाच्या कडेजवळ पट्टीवर पेन्सिलची खूण करा. कटर ब्लॉक हाताने, कापण्याच्या दिशेनेच फिरवा. पातं पट्टीला पकडून थोडं पुढे नेतं. ती किती सरकली ते मोजा. हे प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्यात करा. सगळीकडे ३ मिमीच्या आसपास सारखं सरकायला हवं. ७० मिमी व्यासाच्या ब्लॉकवर ३ मिमी सरकणं म्हणजे पातं टेबलापेक्षा साधारण ०.०३ मिमी वर. सरकणं दुप्पट, ६ मिमी झालं, तर उंची दुप्पट होत नाही, चौपट होते: सुमारे ०.१३ मिमी. म्हणून ‘इकडे तीन, तिकडे सहा, चालतंय’ असं म्हणता येत नाही. तिकडचं पातं फार वर आहे आणि काम तेच एकटं करतंय.

आवळताना एक बोल्ट पूर्ण कसून दुसऱ्याकडे जाऊ नका. सगळे हलके, मग सगळे मध्यम, मग सगळे घट्ट, आणि प्रत्येक फेरीनंतर पट्टीची परीक्षा, कारण गिब (पात्याला दाबून धरणारी पट्टी) आवळताना पातं वर चढतं. पातं ब्लॉकच्या बाहेर साधारण १ मिमी असावं. त्याहून फार बाहेर काढून ‘जास्त दिवस चालवायचं’ हे धोक्याचं आहे. घासलेली पाती संचानेच बदला आणि सोनाराच्या छोट्या काट्यावर तोलून घ्या; वजनात ग्रॅमभराहून जास्त फरक असेल तर बेअरिंगचं आयुष्य कमी होतं. बोल्ट खराब झाला तर त्याच्या डोक्यावर जी ग्रेड कोरलेली आहे तीच आणा, हार्डवेअरमधला साधा बोल्ट इथे कधीच नको. दहा मिनिटं रिकामं चालवून, बंद करून, प्लग काढून सगळे बोल्ट परत एकदा तपासा. आणि जुन्या मशीनला चौकोनी कटर ब्लॉक असेल तर फुकट मिळालं तरी घेऊ नका. त्याच्या सपाट बाजूपाशी बोटं खोलवर ओढली जातात.

रंधलेल्या फळीच्या शेवटच्या पाच-सात सेंटीमीटरमध्ये खड्डा पडतो? मागचं टेबल पात्यांपेक्षा खाली आहे. फळी मागच्या टेबलाच्या कडेला अडते किंवा काप हळूहळू संपत जातो? टेबल वर आहे. ‘समस्या आणि उपाय’ या तक्त्यात या दोन ओळी नसतील आणि ‘मशीन चालत नाही – प्लग लावा’ असेल, तर तो तक्ता कोणी लिहिला असेल याचा अंदाज येतो.

थिकनेसरला (फळी एकसारख्या जाडीची करणाऱ्या मशीनला) आणखी एक आकडा हवा असतो: सगळ्यात आखूड किती लांबीची फळी आत घालता येईल. छापलेला नसेल तर पुढच्या आणि मागच्या रोलरमधलं अंतर मोजा आणि ५० मिमी मिळवा. त्याहून आखूड तुकडा दोन्ही रोलरांच्या तावडीतून सुटतो आणि कटरखाली तिरका होतो.

भिंतीवरचं पान

इतकं सगळं मोजून झालं की ते लिहून ठेवायचं. पुस्तक कपाटात राहू द्या. मशीनजवळ एका पानाचा, मराठीत लिहिलेला, प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद लावा. मदतनीसाला हिंदी सोयीची असेल तर हिंदीत. मोठं अक्षर, एका ओळीत एकच कृती, आणि जिथे आकडा आहे तिथे आकडा. ‘ब्लेड योग्य प्रकारे बसवले असल्याची खात्री करावी’ अशी वाक्यं त्यावर नकोत. टेबल सॉच्या ब्लेडबदलाचं पान साधारण असं:

१. मेन बंद. प्लग काढून टेबलावर समोर ठेवा.
२. ब्लेड पूर्ण वर, ९० अंशांना. गार्ड काढा, रायव्हिंग नाइफ राहू द्या.
३. दातांत लाकडाची पाचर अडकवा. नट ब्लेडच्या फिरण्याच्या दिशेला सोडा.
४. दोन्ही फ्लँज आणि शाफ्ट फडक्याने पुसा. भुशाचा एक कण राहिला तरी ब्लेड डगमगतं.
५. नवं ब्लेड: भोक २५.४, दात वर आल्यावर तुमच्याकडे, छापील बाजू नटाकडे.
६. नट पान्याने घट्ट. पान्यावर पाइप घालायचा नाही.
७. नाइफची जाडी ब्लेडशी जुळते का? अंतर ३ ते ८ मिमी.
८. पाचर काढा. ब्लेड हाताने पूर्ण एक फेरी फिरवा, कुठे घासत नाही ना ऐका.
९. गार्ड लावा. प्लग. बाजूला उभं राहून चालू करा.

पाचव्या ओळीतलं ‘छापील बाजू नटाकडे’ बहुतेक ब्लेडना लागू पडतं, पण सगळ्यांना नाही. दातांची दिशा अंतिम. तुमच्या ब्लेडवर छपाई उलटी असेल तर ती ओळ खोडा. कागद लिहून झाला की ज्याने ते मशीन कधी वापरलेलं नाही अशा माणसाला तो देऊन, प्लग काढलेल्या मशीनवर करायला सांगा आणि मध्ये बोलू नका. तो जिथे थांबतो तिथे कागदात काहीतरी सुटलेलं असतं.

त्याच कागदाच्या मागे सुट्या भागांची माहिती: मोटरच्या पाटीचा फोटो, अनुक्रमांक, कपॅसिटरचे मायक्रोफॅरड, कार्बन ब्रशची लांबी-रुंदी-जाडी, बेअरिंगचे नंबर. बेअरिंगवर नंबर पुसला असेल तर मापावरून कळतो: आत १७, बाहेर ४०, जाडी १२ मिमी असेल तर ६२०३, २०-४७-१४ तर ६२०४, २५-५२-१५ तर ६२०५. भुशात चालणाऱ्या मशीनला दोन्हीकडे रबरी सील असलेलं, म्हणजे नंबरापुढे २आरएस असलेलंच मागा. व्ही पट्ट्याची वरची रुंदी १३ मिमी असेल तर ए, १७ असेल तर बी. पुढचा आकडा इंचांतली आतली लांबी. ए-४२ एवढं दुकानात सांगितलं की पुरतं. दोन पट्ट्यांची पुली असेल तर दोन्ही एकदम बदला, जुना आणि नवा जोडीने लावला तर सगळा भार नव्यावर येतो.

मॅन्युअलच अपुरं असेल तर

कंपनीला लेखी विचारा: मॉडेल, अनुक्रमांक, पान क्रमांक, आणि नेमका प्रश्न. ‘मॅन्युअल नीट नाही’ याला उत्तर येत नाही. ‘पान १४ वर रायव्हिंग नाइफची जाडी दिलेली नाही, माझ्या ब्लेडचा पत्रा १.८ मिमी आहे, कोणता भाग क्रमांक मागवू?’ याला बहुधा येतं. आलेलं उत्तर छापून पुस्तकात चिकटवा.

याला कायद्याचाही आधार आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार, इजा टळावी यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा उत्पादनासोबत नसेल, आणि त्यामुळे हानी झाली, तर उत्पादक जबाबदार धरला जाऊ शकतो. ‘मशीन धंद्यासाठी घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असं सांगून वाटेला लावतात, तेही अर्धवट आहे: स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी वस्तू घेऊन वापरणारा माणूस या कायद्याने ग्राहकच ठरतो. एकट्याने वर्कशॉप चालवणारा सुतार त्यात बसतो. पन्नास कामगारांचा फर्निचर कारखाना बसत नाही. तक्रारीची सुरुवात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. बिल, पाटीचा फोटो, मॅन्युअलचं संबंधित पान आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार हाताशी ठेवून मगच फोन लावा.